संगणकासाठी स्पीकर निवडताना आणि तपासताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेजावर संगणकाशेजारी ठेवायच्या स्पीकरांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे सोप्यापासून अवघडापर्यंत अशा क्रमाने दिले आहेत. बहुतेक उत्तरांत १० बाय १२ फुटांची खोली, भिंतीला टेकवलेले मेज आणि स्पीकरांपासून दोन-अडीच फुटांवर बसलेला श्रोता गृहीत धरला आहे. दिवाणखान्यातील होम थिएटरचा विचार येथे केलेला नाही.

१. २.०, २.१ आणि ५.१ म्हणजे नेमके काय? मी यांपैकी काय घ्यावे?

टिंबाआधीचा आकडा मुख्य स्पीकरांची संख्या सांगतो, तर टिंबानंतरचा आकडा सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा डबा) आहे की नाही हे सांगतो. गाणी, व्याख्याने, बातम्या आणि ऑनलाइन वर्ग हा मुख्य उपयोग असेल, तर त्याच किमतीच्या २.१ संचापेक्षा चार-पाच इंची वूफर (खालचे व मधले स्वर वाजवणारा शंकूच्या आकाराचा पडदा) असलेली २.० ची जोडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्त २.१ संचातील दोन्ही लहान डब्यांत बहुधा दोन-तीन इंची शंकूच असतो. त्याला खालचे स्वर झेपत नसल्याने सबवूफरला १५० ते २०० हर्ट्झपर्यंतचे (हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपने) काम करावे लागते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. परिणामी निवेदकाच्या आवाजाचा काही भाग पडद्याजवळून आणि उरलेला मेजाखालून येऊ लागतो. चित्रपट आणि खेळ हा मुख्य उपयोग असेल, किंवा मेजावर मोठे डबे मावतच नसतील, तर २.१ रास्त ठरतो. ५.१ विषयी प्रश्न १४ पाहा.

२. खोक्यावर ‘२००० वॅट पीएमपीओ’ लिहिले आहे. खरी ताकद किती समजावी?

पीएमपीओ (क्षणिक कमाल ताकदीचा जाहिरातीतला आकडा) मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही, त्यामुळे त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. आरएमएस (सलग देता येणारी ताकद) म्हणून दिलेला आकडा पाहावा, आणि तो किती विकृतीला (मूळ आवाजात होणाऱ्या बिघाडाला) मोजला आहे हेही तपासावे, कारण १० टक्के विकृतीला मोजलेले वॅट १ टक्का विकृतीला मोजलेल्या वॅटपेक्षा बरेच जास्त दिसतात.

आरएमएसवरही विश्वास बसत नसेल, तर अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर असतील, तर आत २४ वॅटच जातात, म्हणून तो संच सलग त्याहून अधिक ताकद देऊच शकत नाही. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरांनाही हाच हिशेब लागू होतो: यूएसबी २.० च्या पोर्टची प्रमाणित मर्यादा ५ व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट आहे, तर यूएसबी ३.० ची साडेचार वॅट.

३. मग मेजावर ऐकण्यासाठी किती वॅट पुरतात?

लोकांना वाटते त्यापेक्षा फारच कमी पुरतात. एका वॅटला एक मीटर अंतरावर ८५ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) देणारा स्पीकर घेतला आणि आपण ७० सेंटिमीटरवर बसलो, तर एका वॅटलाच सुमारे ८८ डेसिबल कानाशी पोहोचतात. नेहमीचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे प्रमाण ध्यानात येईल. शिवाय वॅट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटायचा असेल तर सुमारे दहापट वॅट लागतात. म्हणून २० वॅट आणि ३० वॅट यांतील फरकासाठी जास्त पैसे मोजू नयेत. एडिफायरच्या आर १२८० टी या बऱ्याच काळापासून खपणाऱ्या जोडीची एकूण ताकद ४२ वॅट आरएमएस आहे आणि लहान खोलीत ती पुरून उरते.

४. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असा दावा खरा मानावा का?

सोबत ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ अशी, म्हणजे स्वरांची पातळी किती वर-खाली होते याची, मर्यादा दिली नसेल तर मानू नये. चार इंची वूफरही २० हर्ट्झला हलतो, पण त्यातून ऐकू येण्याजोगे काही निघत नाही. ‘५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, अधिक-उणे ३ डेसिबल’ असे छापणारा उत्पादक आकडा लहान सांगत असला तरी त्यातून अधिक माहिती देतो.

आपल्या संगीताला नेमके किती खाली जावे लागते, हेही पाहण्यासारखे आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झला असतो, म्हणून त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला लागते. ८० हर्ट्झपर्यंतच उतरणाऱ्या स्पीकरवरही तो खर्ज ओळखू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून (मूळ स्वराच्या पटीतील स्वरांवरून) आपला कान मूळ स्वर स्वतः उभा करतो. मात्र त्याचे वजन जाणवत नाही. शास्त्रीय गायन, भावगीत आणि नाट्यसंगीत यांसाठी ६० हर्ट्झच्या आसपास प्रामाणिकपणे उतरणारी जोडी पुरेशी आहे. चित्रपटांतील स्फोट आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांसाठी मात्र ४० हर्ट्झच्या खाली जावे लागते आणि तेथे सबवूफरला पर्याय राहत नाही.

५. दुकानात स्पीकर कसे ऐकून पाहावेत?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो किंवा पुण्याची तपकीर गल्ली, दुकानात गर्दी असते, पंखे चालू असतात आणि विक्रेता त्याच्या पसंतीचे, ठोके असलेले गाणे लावतो. ते ऐकून काहीही ठरवू नये. आपण वर्षानुवर्षे ऐकत आलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे चांगल्या दर्जाच्या फाइलच्या रूपात लॅपटॉपवर न्यावीत आणि ब्लूटूथने न लावता केबलने लावावीत. बास (खालचे स्वर) आणि ट्रेबलची (वरचे स्वर) बटणे मध्यावर ठेवण्याचा आग्रह धरावा.

त्यानंतरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन संचांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करणे. एक डेसिबलने मोठा असलेला संच कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो, आणि दुकानातील बहुतेक चुकीचे निर्णय येथेच होतात. फोनवरील आवाज मोजणारे अ‍ॅप निरपेक्ष आकड्यासाठी भरवशाचे नसते, पण एकाच जागी धरून दोन संच सारखे करण्यापुरते ते चालते.

ऐकायचे काय, तर प्रथम एकट्या माणसाचे मराठीतील बोलणे. ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे कानाला टोचू नयेत आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटू नये. आपण जन्मभर माणसांचे आवाज ऐकत असल्याने या परीक्षेत कान सहसा फसत नाही. मग तानपुरा लावावा: जवारीचा झणत्कार स्वच्छ उलगडला पाहिजे, त्याची नुसती गुणगुण होता कामा नये. त्यानंतर तबला ऐकावा. चाटीवरचा बोल तिथल्या तिथे थांबला पाहिजे, आणि डग्ग्याचा घुमारा प्रत्येक वेळी एकाच उंचीचा न वाटता मनगटाच्या दाबाबरोबर चढता-उतरता ऐकू आला पाहिजे. डग्गा नेहमी एकाच स्वरात ‘धुम्’ करत असेल, तर तो आवाज डग्ग्याचा नसून डब्याचा आहे. शेवटी झांजा किंवा टाळ असलेले भजन लावून आवाज बराच वाढवावा. या वेळी गायकाचे शब्द टाळांत बुडत असतील तर तो संच सोडून द्यावा.

६. ऑनलाइन मागवलेला संच घरी आल्यावर कोणत्या तपासण्या कराव्यात?

परत करण्याची मुदत सुरू असतानाच तपासावे आणि तोवर खोके व थर्माकोल टाकून देऊ नये. सर्वप्रथम डावी आणि उजवी बाजू बरोबर आहे का ते पाहावे. मग एकाच माणसाचे मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेले) ध्वनिमुद्रण लावावे. आवाज दोन्ही स्पीकरांच्या बरोबर मधून आला पाहिजे. तो पसरट, जागा न सापडणारा आणि पातळ वाटत असेल, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या आहेत. एकाच बाजूच्या तारा अदलाबदल करून पुन्हा ऐकावे.

त्यानंतर २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा चाचणी-स्वर मध्यम आवाजात लावावा. विशिष्ट ठिकाणी खडखड किंवा फडफड ऐकू आली, तर आधी मेजावरची पेनदाणी, खिडकीची काच आणि ड्रॉवर हाताने दाबून पाहावेत, कारण बऱ्याचदा दोष स्पीकरचा नसतो. २० किलोहर्ट्झच्या जवळ काहीच ऐकू आले नाही तर घाबरू नये. वयानुसार वरचे स्वर ऐकू येणे कमी होत जाते, हे स्वाभाविक आहे.

मग काहीही न वाजवता आवाजाचे बटण पूर्ण वाढवून नेहमीच्या जागी बसावे. ट्वीटरला (वरचे स्वर वाजवणाऱ्या लहान भागाला) कान लावल्यावर थोडी सळसळ येणे क्षम्य आहे, पण बसल्या जागी ती ऐकू येत असेल तर संच परत करावा. शेवटी बटण अगदी कमी करून दोन्ही बाजू सारख्याच मंद होतात का ते पाहावे. स्वस्त बटणांत एक बाजू आधी बंद होते. त्यावरील उपाय प्रश्न १३ मध्ये आहे.

७. स्पीकर मेजावर नेमके कसे ठेवावेत?

दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर कानाच्या उंचीवर यावा. ते शक्य नसेल तर स्पीकर मागे कलते करून त्यांचे तोंड कानाकडे वळवावे. क्रिएटिव्हच्या पेबल या छोट्या जोडीचे शंकू मुळातच ४५ अंशांत वर वळवलेले आहेत, ते याच कारणासाठी.

मेजाचा पृष्ठभाग आरशासारखा काम करतो: स्पीकरमधून थेट आलेला आवाज आणि मेजावर आपटून किंचित उशिरा आलेला आवाज एकमेकांत मिसळून काही स्वर वाढतात आणि काही गळतात. चार-सहा इंच उंचीच्या स्टँडवर स्पीकर ठेवून ते मेजाच्या पुढच्या कडेशी आणले, तर हा दोष लक्षणीय कमी होतो. स्टँड मिळाला नाही तर जाड पुस्तकांचे गठ्ठे चालतात. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा बास वाढतो आणि कोपऱ्यात तो आणखी वाढतो. म्हणून हवेचे छिद्र मागच्या बाजूला असलेला डबा भिंतीपासून निदान सहा-आठ इंच पुढे असावा. तेवढी जागा नसेल तर पुढे छिद्र असलेला किंवा बंद डब्याचा संच निवडावा.

८. दुकानात छान वाटलेला संच घरी घुमतो. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा खोलीचा असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या अंतरात ज्या स्वराची अर्धी लहर बरोबर मावते, तो स्वर खोलीत फुगतो. १२ फुटांच्या लांबीला हा स्वर सुमारे ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीला सुमारे ५७ हर्ट्झला येतो. खोली चौकोनी, म्हणजे १० बाय १० असेल, तर दोन्ही बाजूंचे फुगवटे एकाच स्वरावर पडतात आणि तो एकच सूर खोलीभर दणदणतो.

हा फुगवटा भिंतीलगत सर्वाधिक असतो, तर खोलीच्या बरोबर मध्यावर तोच स्वर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून खुर्ची आणि मेज एक-दीड फूट सरकवून पाहणे हा बिनखर्चाचा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. जड पडदे आणि पुस्तकांनी भरलेली कपाटे यांमुळे मधल्या-वरच्या स्वरांचा गोंगाट कमी होतो, पण ५० हर्ट्झवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणे निरुपयोगी तर आहेच, शिवाय ते पेट घेण्याचा धोकाही असतो. इक्वलायझर (ठरावीक स्वर चढवण्या-उतरवण्याची सोय) वापरायचा असेल तर फुगलेला स्वर उतरवण्यासाठीच वापरावा. गळालेला स्वर चढवण्याचा प्रयत्न केल्यास अ‍ॅम्प्लिफायरवर केवळ ताण येतो. मोजमापाची आवड असलेल्यांनी ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा मायक्रोफोन वापरावा.

९. सबवूफर कोठे ठेवावा? बासला दिशा नसते, असे ऐकले आहे.

सुमारे ८० हर्ट्झच्या खाली ते खरे आहे. तेव्हा सबवूफर तात्पुरता आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, बास असलेले गाणे लावावे आणि स्वतः जमिनीलगत खोलीभर फिरावे. जेथे बास सर्वांत समतोल ऐकू येतो, तेथे सबवूफर कायमचा ठेवावा. मात्र प्रश्न १ मध्ये सांगितलेल्या लहान २.१ संचांना ही पद्धत लागू पडत नाही, कारण त्यांचा सबवूफर दिशा कळण्याइतक्या वरच्या स्वरांपर्यंत वाजतो. तो दोन्ही स्पीकरांच्या मध्ये, मेजाखालीच असावा. डबा एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंपासून दाबून केलेल्या फळीचा) असेल तर त्याखाली रबरी पाय किंवा फरशीचा तुकडा ठेवावा, कारण रोज ओल्या फडक्याने पुसल्या जाणाऱ्या जमिनीवर एमडीएफ फुगतो.

१०. स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा आवाज येतो. काय करावे?

प्रथम संगणकाकडून येणारी केबल स्पीकरच्या बाजूने काढावी. तरीही ‘घूं’ चालूच असेल तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वीजपुरवठ्यात आहे. तो थांबला तर दोष जोडणीत आहे. लॅपटॉप असल्यास चार्जर काढून पाहावे. चार्जर काढताच आवाज थांबला तर ते ग्राउंड लूपचे लक्षण समजावे: दोन उपकरणे दोन वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडली गेल्याने आपल्याकडील विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील स्वर ध्वनीच्या तारेत शिरतात.

उपाय क्रमाने करावेत. संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच बोर्डावरून चालवावेत. त्याने भागले नाही तर ३.५ मिमी केबलच्या मध्ये लावण्याचा ग्राउंड लूप आयसोलेटर घ्यावा. दोन्ही बाजूंना संतुलित (बॅलन्स्ड) जोडणीची सोय असेल तर तीच वापरावी. काही जण प्लगची अर्थिंगची पिन तोडतात किंवा दोन पिनांचा जोड लावतात. असे कदापि करू नये. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते, आणि एखाद्या उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरू शकते.

माऊस हलवताना किंवा पान सरकवताना चिरचिर येत असेल, तर तो संगणकाच्या आतला विद्युत गोंगाट असतो. कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटऐवजी मागचे हिरवे सॉकेट वापरावे, आणि तरीही भागले नाही तर यूएसबीवर चालणारा छोटा डॅक (डिजिटल आवाजाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) लावावा.

११. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर स्पीकर गुरगुरतात. ते खराब झाले का?

बहुधा नाही. बाजारात स्क्वेअर वेव्ह आणि साइन वेव्ह असे दोन्ही प्रकारचे इन्व्हर्टर मिळतात. पहिल्या प्रकारच्या विजेत वरचे स्वरांश भरपूर असतात आणि ज्या स्पीकरांत जुन्या पद्धतीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर आहे, तो त्यांमुळे गुरगुरतो व तापतो. असे स्पीकर त्या इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालवू नयेत. वीज असतानाही गुरगुर येत असेल तर प्रश्न १० पाहा.

१२. ब्लूटूथ असताना केबलची गरज काय? आणि माझ्या यूएसबी स्पीकरला वेगळी ३.५ मिमी पिन का आहे?

ब्लूटूथवर आवाज आवळून पाठवला जातो आणि पोहोचायला उशीर होतो. हा उशीर साधारण १०० ते २०० मिलिसेकंद, कधी त्याहूनही अधिक असतो. नुसती गाणी ऐकताना तो जाणवत नाही आणि अनेक व्हिडिओ प्लेअर त्याची भरपाई करतात, परंतु खेळ, व्हिडिओ संपादन आणि कीबोर्ड वाजवणे यांत तो असह्य होतो. मेजावर संगणक हाताशी असताना केबल हाच योग्य मार्ग आहे.

ज्या संचाला यूएसबी आणि ३.५ मिमी अशा दोन्ही पिना आहेत, तो यूएसबीतून बहुधा फक्त वीज घेतो आणि आवाज दुसऱ्या पिनेतून घेतो. ज्याला केवळ यूएसबी आहे, त्याच्यात स्वतःचा डॅक असतो आणि संगणकाच्या ध्वनियादीत तो वेगळ्या नावाने दिसतो.

१३. संगणकाचा आवाज पूर्ण ठेवून स्पीकरचा कमी करावा, की उलट?

सर्वसाधारणपणे संगणकाचा आवाज ८० ते १०० टक्के ठेवावा आणि स्पीकरच्या बटणाने हवा तेवढा करावा, म्हणजे सळसळ कमी राहते. विंडोजमधील ‘लाउडनेस इक्वलायझेशन’सारख्या सोयी चाचणीच्या वेळी बंद ठेवाव्यात. एक अपवाद आहे: प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे कमी आवाजात एक बाजू मंद पडत असेल, तर स्पीकरचे बटण मध्याच्या पुढे न्यावे आणि आवाज संगणकावरून कमी करावा.

१४. मेजावर ५.१ घेण्यात अर्थ आहे का?

फारच थोड्यांना आहे. गाणी जवळजवळ सर्वच दोन वाहिन्यांची (डावी आणि उजवी) असतात, मागचे स्पीकर ठेवायला लहान खोलीत जागा नसते, आणि अ‍ॅनालॉग ५.१ साठी संगणकावर हिरवे, काळे व नारिंगी अशी तीन सॉकेटे लागतात. लॅपटॉपवर एकच असते. त्याच पैशांत चांगली २.० जोडी येते.

१५. अमेरिकेतील नातेवाइकांनी संच पाठवला आहे. तो येथे लावता येईल का?

मागच्या पट्टीवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे असेल तर केवळ पिनचा जोड पुरतो. ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच असेल आणि तो आपल्या २३० व्होल्टला थेट लावला, तर अ‍ॅम्प्लिफायर जळेल. अशा वेळी पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. वीज बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरमधून येत असेल तर तेवढाच व्होल्टेज, तेवढा किंवा अधिक अँपिअर आणि पिनेची तीच ध्रुवता असलेला, बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांकाचा अ‍ॅडॉप्टर येथे घेणे सोपे पडते. काही संचांच्या मागे व्होल्टेज बदलण्याची कळ असते. वीज जोडण्याआधीच ती फिरवावी.

१६. जुना, नामांकित संच स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?

शंकूभोवतीची कड कशाची आहे, यावर बरेच काही अवलंबून आहे. फोमची कड दमट हवेत विरत जाते. कोकण, मुंबई आणि गोवा येथील हवेत ती अनेकदा बोट लावताच चुरा होते. रबरी कड कितीतरी अधिक टिकते. शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सगळीकडून सारखा, अगदी हलका दाबून पाहावा. खरवडल्यासारखा आवाज आला तर आतील कॉइल घासते आहे आणि तो संच नाकारावा. बटण फिरवताना येणारी खरखर मात्र कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. फोमची कड बदलून देणारे कारागीर मिळतात, पण सौदा करताना तो खर्च किमतीत धरावा.

१७. किती मोठ्याने आणि किती वेळ ऐकणे सुरक्षित आहे? शेजाऱ्यांचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी प्रौढांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सुचवली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. इमारतीत बास स्लॅबमधून वरच्या-खालच्या घरांत जातो. म्हणून रात्री केवळ आवाज कमी न करता सबवूफर बंद करावा.

१८. मला एका कानाने ऐकू येत नाही. जोडी घेण्यात अर्थ आहे का, की एकच स्पीकर घ्यावा?

एका बाजूला ठेवलेले वाद्य ऐकूच न येणे, ही अशा श्रोत्याची खरी अडचण असते. विंडोजच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात ‘मोनो ऑडिओ’ ही सोय आहे. ती चालू केल्यावर दोन्ही वाहिन्या एकत्र होतात आणि काहीही गळत नाही. मॅकवर आणि फोनवरही अशी सोय आहे. त्यामुळे एकच चांगला स्पीकर, ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला थोडा सरकवून ठेवलेला, पूर्ण समाधान देऊ शकतो. मात्र मोनोची सोय चालू केल्याशिवाय जोडीतील एकच डबा वापरू नये, कारण त्यातून अर्धेच गाणे ऐकू येते. घरातील इतर लोकही तोच संगणक वापरत असतील तर जोडी घ्यावी आणि स्वतः ऐकताना ही सोय चालू करावी. प्रश्न ६ मधील मधून येणाऱ्या आवाजाची चाचणी मात्र दोन्ही कानांनी नीट ऐकू येणाऱ्या कोणाकडून तरी करून घ्यावी.